अर्धी काडी

फाउस्तोने शंख फुंकला की आमच्या वस्तीत आधी कुत्री उठतात आणि मग माणसं. शंख तीनदा वाजतो. तिसऱ्या वेळी जो चौकात नसेल त्याने दिवसभर सगळ्यांना पाणी वाढायचं आणि रोनेलसारख्या वात्रट पोरांची बोलणी खायची, असा आमच्या सावडीचा रिवाज आहे. अकरा घरांची सावड. इत्बायत बेटाच्या पश्चिम कड्यावर आमची कुरणं आहेत, प्रत्येकाची सहा-सात गुरं, आणि एका घराचे हात कुरणाला कधीच पुरत नाहीत. गवतात घुसलेली झुडपं खणून काढायची, दगडी बांध लावायचा, बांधावर बोरूचं कुंपण दाटवायचं, विकलेला बैल पाय बांधून बोटीत उतरवायचा, सगळं मिळून करायचं. आज याच्या कुरणात, उद्या त्याच्या.

मे महिन्यातल्या त्या सकाळी दुसरा शंख वाजायच्या आत तिका चौकात येऊन उभी राहिली. तिचं पाळण्यातलं नाव एस्कोलास्तिका, पण एवढं मोठं नाव घ्यायला वेळ आहे कुणाला? डोक्यापासून कंबरेपर्यंत ताडाच्या धाग्यांचं इरलं, पायात नवऱ्याचे रबरी बूट आणि कमरेला नवऱ्याचाच कोयता. बूट मोठे होत होते, म्हणून तिने आत चिंध्या कोंबल्या होत्या. तिच्या नवऱ्याला, एलिहिओला, जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. माझ्या कुरणाला लागून त्याचं कुरण. तीस वर्षं आम्ही एकाच बांधाच्या दोन बाजूंनी दगड रचले.

फाउस्तो आमच्या सावडीचा म्होरक्या. तो तिला बघून खाकरला.

"वहिनी, तुमी कशाला आलाय? घरी बसा. आमी बघू की."

"काय बघणार?"

"बघू कायतरी."

"कायतरीवर कुंपण उभं ऱ्हातंय व्हय, भावजी?"

 तिचं कुंपण कसं पडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या साली कड्याचा एक तुकडा ढासळला आणि जाताना बांध आणि कुंपण मिळून वीस पावलांचा पट्टा घेऊन गेला. खाली दोनशे फुटांवर समुद्र. एलिहिओने तिथे चार खांब रोवून आडव्या दोऱ्या बांधल्या, पावसाळा संपला की नीट करू म्हणाला, आणि मग त्याच्या पोटात ते दुखणं निघालं. दोऱ्या अजून तिथेच लोंबत होत्या. शांत हवेत गुरं तिकडे फिरकत नसत. पण आमच्याकडे वर्षातून चार-पाचदा वादळ येतं, आणि वादळात घाबरलेलं जनावर कुठे जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही.

सावडीचा हिशोब अगदी सोपा. दुसऱ्याच्या कुरणात दिवसभर राबलात की संध्याकाळी फाउस्तो बोरूची वीतभर काडी हातात देतो. दहा काड्या झाल्या की फाउस्तोच्या हवाली करायच्या, मग दहा घरं एक दिवस तुमच्या कुरणात. सगळे आपापल्या काड्या घरात छपराच्या आतल्या बाजूला खोचून ठेवतात.

त्या दिवशी आम्ही फाउस्तोच्याच कुरणात पेरूची झुडपं खणत होतो. गुरांच्या शेणातून ती पसरतात आणि गवत मारतात. मुळं एवढी चिवट की कुदळ उलटी अंगावर येते. तिका एका झुडपाला भिडली ती ते उपटूनच थांबली. मग दुसऱ्याला. तिच्या मानेवरून घाम इरल्याखाली वाहत होता आणि तळहातांची साल निघाली होती, पण तिने कुदळ खाली ठेवली नाही. मी तिच्या शेजारच्या ओळीत होतो. खरं सांगायचं तर दिवसअखेर माझी नऊ झुडपं झाली होती आणि तिची आठ.

संध्याकाळी फाउस्तोने काड्या वाटल्या. तिच्यापाशी आल्यावर त्याने चाकू काढला आणि काडी मधोमध कापली.

"राग मानू नका वहिनी. बाईमाणूस अर्धा गडी धरायचा, ही माझ्या बापाच्या वेळेपासूनची रीत हाय. माझ्या मनाचं काय न्हाई."

तिने अर्धी काडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"काकी," रोनेल मागून ओरडला, "दुसरी अर्धी पडली वाटतं गवतात! म्हैस खाईल, हुडका लवकर!"

सगळे हसले. मीही हसलो. हे लपवून काय करायचं? मी चांगला तोंड उघडून हसलो.

तिका म्हणाली, "म्हैस कुठली रे मेल्या, तूच खाल्ली असशील." यावर आणखी हशा झाला. मग तिने काडी कंबरेला खोचली आणि सगळ्यांच्या मागून घराची वाट धरली.

*

दहा काड्यांसाठी तिला वीस दिवस राबायचं होतं. सावड काही रोज नसते. आठवड्याला एक, फार तर दोन. मे गेला, जून गेला. ती प्रत्येक वेळी दुसऱ्या शंखाला हजर. तळहातांना घट्टे पडले. डाव्या खांद्यात काहीतरी भरलं, तेव्हापासून ती कोयता उजव्यानेच चालवायची आणि ओझं उचलताना ओठ दाबायची. माझ्या बायकोने, सोर्साने, तिला नारळाचं तेल आणि आलं ठेचून दिलं. "चोळून घ्यायला ये म्हणाले तर नको म्हणाली," सोर्सा मला म्हणाली. "पाठीला हात पोचत न्हाई तिचा. मग तेल कोण लावतंय तिला?" 

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. ज्याचं कुरण त्याच्या घरच्या बायका जेवण घेऊन येतात. हळदीचा पिवळा भात, चरबीत मुरवलेलं डुक्कर, वाळवलेला मासा, उकडलेलं कोनफळ. नीरफणसाच्या पानावर वाढतात. पुरुष एका बाजूला बसतात आणि बायका चुलीपाशी. तिका कुठे बसणार? पुरुषांत बसली तर रोनेल, हाबी आणि मंडळींना त्यांचे चावट विनोद सांगता येईनात, म्हणून ते हळूहळू लांब सरकून बसायला लागले. बायकांत बसली तर त्या म्हणायच्या, "तुमी आज गडीमाणूस, तुमी आधी जेवा," आणि पुन्हा पान हातात देऊन उठवायच्या. शेवटी ती बांधाला पाठ लावून मधेच कुठेतरी बसू लागली, समुद्राकडे तोंड करून. पान मांडीवर. मला ते दिसत होतं. उठून तिच्याजवळ जाऊन बसलो असतो तर कुणी मारलं नसतं मला. पण लोक काय म्हणतील याला मी लहानपणापासून भितो.

रविवारी मिस्सा झाली की ती टेकडी चढायची. आमच्याकडे फोन फक्त तिथे लागतो. एका रविवारी मीही चढलो होतो, मेहुण्याशी बोलायला. ती दगडावर बसली होती आणि मुलीशी बोलत होती. मुलगी मारिलू मनिलाला असते. वाऱ्यामुळे तिने फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"आई, विकून टाक ना गुरं. कितीदा सांगू? ह्या बोटीनं तीन, पुढच्या बोटीनं तीन, आणि तू ये इकडं."

"तिकडं गवत हाय का?"

"सातव्या मजल्यावर गवत कुठलं, आई?"

"मग मी काय करू तिथं? पंख्याखाली बसू?"

"पोरांना सांभाळ. मी आणि जोएल दोघंबी कामाला जातो. आणि तुला एकटं ठेवून मला झोप येते का इथं? कुंपण न्हाई काय न्हाई, एक दिवस तूच पडशील त्या कड्यावरून."

"कुंपण होतंय. माझ्या काड्या भरत आल्यात."

"आणि न्हाई झालं तर?"

तिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "न्हाई झालं, आणि गुरं गेली, तर येते. मग काय, येतेच."

फोन बंद झाला तरी तिने तो कानालाच धरून ठेवला होता. मी खोकलो तेव्हा दचकून खाली घेतला आणि विनाकारण हसली. "पोरगी लई बोलती," म्हणाली.

तिची सहा गुरं. त्यांत मोरेना ही म्होरकी, काळी, एका शिंगाचं टोक मोडलेली, बारा वर्षांची. एलिहिओच्या हातावर जन्मलेली. तिच्या मागे बाकीची चालत. तिच्या पायाशी त्या साली एक तांबडं वासरू होतं. संध्याकाळी मी माझ्या बाजूने परतताना बांधापलीकडून तिकाचा आवाज यायचा. ती मोरेनाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बोलत असायची, की आज फाउस्तोची बायको कशी मासा वाढताना हात आखडत होती, की खांदा कसा ठणकतोय. एलिहिओ असताना ती हे त्यालाच सांगत असणार. मी पावलांचा आवाज न करता पुढे जायचो.

*

सप्टेंबरात एका दिवशी, त्या दिवसाची अर्धी धरून, तिच्या साडेनऊ काड्या होणार होत्या. त्या दिवशी आम्ही रोनेलच्या कुरणात बांध लावत होतो. दुपारी फाउस्तोच्या बायकोने जेवणासोबत बातमी आणली. रेडिओवर वादळाचं सांगितलं होतं, परवा सकाळी येणार, मोठं आहे.

तिका पान खाली ठेवून सरळ फाउस्तोसमोर गेली.

"भावजी, उद्या माझं कुंपण करून टाका. अर्धीच काडी कमी हाय. नंतर एक सोडून चार दिवस राबते."

फाउस्तो वाईट माणूस नाही. त्याचा चेहरा खरोखर कसनुसा झाला. पण दहा माणसं बघत होती.

"वहिनी, एकदा ढिलं सोडलं की उद्या हाबी म्हणल, माझी बी अर्धी धरा. सावड मोडायला वेळ लागत न्हाई. आणि उद्या परत्येकाला आपापली छपरं आवळायची हायेत. दहा काड्या असत्या तर मी स्वतः छपर सोडून आलो असतो, आईशप्पथ."

ती उभीच राहिली. मग तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडेही.

माझ्या छपरात अकरा काड्या होत्या. माझा दिवस पुढच्या महिन्यात होता आणि एक काडी चक्क वरची होती, कशालाच न लागणारी. ती देतो एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मनात आलं, रोनेल काय बोलेल. तिचं-माझं काहीतरी जोडेल, आणि ते संध्याकाळपर्यंत सोर्साच्या कानावर जाईल. आणि दुसरं, उद्या माझंही छप्पर होतंच. मी पानातलं कोनफळ सोलत बसलो. सोललेलंच पुन्हा सोलत होतो.

"बरं," तिका म्हणाली, आणि आपल्या जागी जाऊन उरलेलं जेवली.

दुसऱ्या दिवशी मी छपरावर दोरांचं जाळं टाकून खाली खुंट्यांना आवळत होतो. तिथून तिचं कुरण दिसतं. ती एकटीच बोरू तोडून त्या वीस पावलांच्या भगदाडापाशी वाहत होती, भारा डोक्यावर, एक हात खांद्याला. तिचं स्वतःचं छप्पर तिने पहाटेच आवळून टाकलं होतं. दुपारपर्यंत चार-पाच पावलं झाली असतील, तीही लेकरानं रचल्यासारखी. मग ती थांबली. मला वाटतं, हे होणार नाही ते तिला तेव्हा कळलं.

तिसऱ्या प्रहरी ती बांधापाशी आली आणि मला हाक मारली.

"वेरिओ भावजी, जरा येता?"

मी गेलो. गुरं तिच्यामागे गोळा झाली होती, नाकं वर करून हवा हुंगत होती. समुद्राला तेल ओतल्यासारखी जाड लाट आली होती आणि वारा अजून नव्हता.

"ते दरवेळी मोकळी सोडायचे," ती म्हणाली. 'ते' म्हणजे एलिहिओ. "दावी काढायचे आणि म्हणायचे, जावा, तुमाला माझ्यापेक्षा जास्त कळतंय. पण तवा कुंपण होतं. आता काय करू? सोडू का बांधू?"

कड्यावरच्या गुरांचं हेच असतं. मोकळं जनावर वाऱ्याला पाठ देऊन आडोसा शोधतं, वारा फिरला की तेही फिरतं. बांधलेलं आहे तिथेच राहतं. मी आभाळाकडे बघितलं. ढग उत्तरेकडून येत होते. मागची दोन वादळं बेटाच्या खालून, दक्षिणेकडून गेली होती आणि वारा शेवटपर्यंत उत्तरेचाच राहिला होता. मी तेवढ्यावर ठोकून दिलं.

"हे बी खालूनच जाणार. वारं उत्तरेचंच ऱ्हाईल. बांधाच्या दक्षिण अंगाला बांधून टाका, चांगला आडोसा मिळतोय. मोकळी सोडली तर त्या भगदाडातून जातील."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तीस वर्षांचा शेजारी. पाच गुरं तिने बांधली. मोरेना हिसके मारत होती, तिच्या खांद्याला ते झेपेना, म्हणून मोरेनाचं दावं मी बांधलं. बोट बांधायची गाठ मारली, भिजली की आणखी घट्ट होणारी. गाठ ओढून बघितली आणि स्वतःवरच खूश झालो. तिकाने दोन कोनफळं रुमालात बांधून दिली. नको म्हणालो तर म्हणाली, "घ्या हो, एकटीला सरत न्हाईत."

*

वादळ सकाळी सातला आलं. आमच्या घरांच्या भिंती हातभर जाडीच्या, दगडी. आत बसलं की फक्त आवाज येतो आणि दाराच्या फटीतून पाणी. सोर्सा जपमाळ ओढत होती. वारा उत्तरेचाच होता. मी तिला दोनदा सांगितलं, "बघ, उत्तरेचाच हाय."

अकराच्या सुमारास तो थांबला.

हळूहळू कमी झाला नाही, एकदम थांबला. कानात दडे बसल्यासारखं झालं. मी दार उघडलं तर वर निळं आभाळ, गोल, विहिरीच्या तोंडाएवढं, आणि चहूबाजूंनी ढगांची भिंत. वादळ खालून गेलं नव्हतं. ते आमच्या डोक्यावरून जात होतं आणि आम्ही त्याच्या मधोमध होतो. आता अर्ध्या-पाऊण तासाने वारा येणार तो दक्षिणेचा, पहिल्यापेक्षा मोठा. आणि तिची गुरं बांधाच्या दक्षिण अंगाला, बांधलेली.

मी अंगणात आलो. खालच्या वाटेवरून तिका पळत होती. इरलं पाठीवर उडत होतं, ते मोठे बूट चिखलात रुतत होते. एक बूट निघाला तो तिने तिथेच सोडला. तिने वळून बघितलं का नाही, मला सांगता येत नाही. मी फाटकापर्यंत गेलो.

"कुठं चाललायस?" सोर्साने मागून शर्ट धरला. "वारं फिरलं म्हंजे वाटेत मरशील. दोन गुरांसाठी?"

"सहा हायेत."

"मग सहांसाठी मर."

तिने शर्ट काही फार घट्ट धरला नव्हता. एका झटक्यात सुटला असता. मी आत आलो आणि दाराला अडसर घातला.

मग दक्षिणेचा वारा आला. चार तास होता. त्या चार तासांचं मी काही सांगणार नाही. संध्याकाळी वारा पडला, पण खालची वाट दरडीने बंद झाली होती आणि अंधारून आलं होतं, म्हणून आम्ही उजाडताच कोयते घेऊन निघालो. फाउस्तो, रोनेल, हाबी, मी, सगळेच.  वाटेत रोनेलला चिखलात तिचा बूट सापडला, तो त्याने हातात धरून ठेवला.

तिका जिवंत होती. पाच गुरं तिने वेळेत सोडली होती, आणि ती बांध ओलांडून उत्तर अंगाला वासराला मधे घेऊन उभी राहिली होती, एलिहिओ सांगायचा तशीच. फक्त मोरेनाची गाठ सुटली नव्हती. पाणी पिऊन ती लाकडासारखी झाली होती. पळत येताना तिकाचा कोयता घरीच राहिला होता, म्हणून तिने गाठ दातांनी, नखांनी ओढली. तिच्या बोटांची नखं उलटली होती. मग वारा आला आणि तिका बांधाच्या पलीकडे जाऊन आडवी पडली. मोरेनाने वाऱ्याच्या धक्क्याने खुंट उपटला, दाव्यासकट फरफटत भगदाडापर्यंत गेली, आणि एलिहिओने लावलेल्या त्या दोऱ्यांत अडकून पडली. कड्याखाली गेली नाही. पण मागचे दोन्ही पाय मोडले होते.

तिका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाय जिवंत होती, डोळे उघडे होते, नाकातून फेस येत होता. बांधापलीकडे वासरू ओरडत होतं.

फाउस्तो टोपी काढून उभा राहिला. "वहिनी," तो हळू म्हणाला, "आता हिला ठेवण्यात अर्थ न्हाई."

"ठाऊक हाय मला."

आमच्याकडे असं जनावर मारायचं तर सुरी मालकाने ज्याच्या हातात द्यायची त्यानेच चालवायची. फाउस्तोने आपली सुरी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, उठली, आणि माझ्यासमोर धरली.

"गाठ तुमची होती ना, भावजी. तुमीच करा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी सुरी घेतली. मोरेना मला ओळखत होती, मी जवळ गेलो तेव्हा तिने माझा हात चाटला. मी केलं ते. पहिल्यांदा नीट झालं नाही.

*

मांस वाया घालवायचं नाही आणि विकायचंही नाही, कुरणात पडलेलं जनावर सगळ्या सावडीचं. वाटे घालायचा मान मालकाचा. रोनेलने नीरफणसाची पानं आणली आणि अकरा ओळीने मांडली. तिका उकिडवी बसली. उलटलेल्या नखांना चिंधी गुंडाळून ती वाटे घालत होती, हाड, चरबी, मांस, काळीज, प्रत्येक पानावर सारखं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. माझ्या पानावरही तेवढंच.

अकरावं पान तिचं. त्यावर तिने वाटा ठेवला आणि मग चाकूने तो मधोमध कापला. त्यातला अर्धा उचलून पुन्हा बाकीच्या पानांवर थोडा थोडा वाटून टाकला.

"असं काय करताय, वहिनी?" फाउस्तो म्हणाला.

"अर्धीच हाय की मी."

 रोनेलने मान खाली घातली आणि तो पायाने चिखल उकरत राहिला. फाउस्तोचे कान लाल झाले. त्याने आपलं पान उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी सगळे आपापली पानं घेऊन मुकाट्याने घरी गेले. माझं पान मी सोर्साच्या हातात दिलं आणि सांगितलं की मला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे शंख वाजला. फाउस्तो तो चौकात फुंकतो, पण त्या दिवशी आवाज खालच्या वाटेवरून येत होता. तो तिकाच्या दारात उभा राहून फुंकत होता. तिसऱ्या शंखाला आम्ही दहाही घरं तिथे होतो, बायकांसकट. कुणाचीही छपरं अजून धड झाली नव्हती. काड्यांचा विषय कुणी काढला नाही. बांध दुपारपर्यंत उभा राहिला आणि बोरूचं दाट दुहेरी कुंपण संध्याकाळपर्यंत, बोटसुद्धा शिरणार नाही असं. तिकाने घरात होतं नव्हतं ते शिजवलं. जेवताना रोनेल पान घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला. "काकी, मीठ लई झालंय," म्हणाला. "मग घरी जाऊन आईच्या हातचं खा," ती म्हणाली, आणि सगळे एकदम हसले. फार दिवसांनी मोकळं हसले.

जाताना फाउस्तोने तिच्या हातात एक काडी ठेवली. अख्खी.

"ही कशाची? कुरण माझं, राबला तुमी."

"वादळाआधीची हाय, रोनेलच्या कुरणातली. तवा अर्धी दिली, तिच्या जागी ही. इथनं पुढं अख्खीच."

सगळे गेले. मी मागे राहिलो. माझ्या कंबरेला माझी ती अकरावी काडी होती, सकाळीच छपरातून काढून आणलेली. तिका नव्या कुंपणाला हात लावून उभी होती. एलिहिओची गुरं राहिली, ती राहिली, मनिलाला जायचं टळलं. जे तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. तिने हातातली काडी चाचपली आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "आता घरी जाऊन हे सांगू कुणाला?"

ते तिने मला विचारलं नव्हतं. पलीकडे वासरू आईसाठी ओरडत होतं, आणि ती वळून त्याच्याकडे गेली. मी काडी कंबरेतून काढलीच नाही.

याला आता तीन वर्षं झाली. तिका सावडीत आहे, अख्ख्या काडीवर. ते तांबडं वासरू आता कालवड झालंय आणि बाकीची तिच्या मागे चालतात. माझ्याशी ती नीट बोलते, ईस्टरला कोनफळं पाठवते, मला भावजीच म्हणते. गेल्या महिन्यात पुन्हा वादळाचं सांगितलं. मी छपरावर होतो. ती कुरणात उतरली, आभाळाकडे बघितलं, लाटेकडे बघितलं, आणि एकेकीचं दावं काढून हातात गुंडाळलं. मी वरून मोठ्याने खोकलो. तिने ऐकलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला.

मग दावी खांद्यावर टाकून ती घरी गेली. त्या गाठीच्या दिवसापासून तिने मला कधीच काही विचारलेलं नाही.